गूळ-चुन्याची ऊब

येळवस जवळ आली की आमच्याकडं थंडीला धार येते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जेवायला जातं, तिला आम्ही येळवस म्हणतो. मुखेडच्या या बाजूला तेव्हा हरभरा घाट्यावर आलेला असतो, ज्वारीचं कणीस पोटरीतून बाहेर डोकावत असतं, तुरीच्या शेंगा भरून वाकलेल्या असतात. आदल्या सांजेला हरभऱ्यावर धोतर अंथरून ठेवलं की पहाटंपर्यंत ते आंब, म्हणजे पाल्यावरचं आंबट दव, पिऊन जड होतं. परवा मी असं धोतर पिळत होतो. आंबट पाणी वाटीत पडत होतं आणि बोटं माझी राहिली नव्हती, इतकी सुन्न झाली होती. त्या सुन्न बोटांनी मला मागच्या थंडीची आठवण करून दिली. खरं तर ती विसरायची असं मी ठरवलं होतं. पण ठरवून विसरायला बसलं की ती गोष्ट जास्तच जवळ येऊन बसते.

मी चौथीपर्यंत शिकलो. घरात एक मास्तर आहे, माझा मुलगा माधव, पण हे लिहिलेलं मी त्याला तपासायला देणार नाही. चूक राहिली तर राहू द्या. माझी चूक माझ्यापाशीच बरी.

आमच्या गाडीबद्दल आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लातूरच्या एका डॉक्टरनं ती परदेशातून आणली होती. डॉक्टर लातूर सोडून निघाले तेव्हा मी घेतली. गोल पाठीची, इंजिन मागं. गावानं तिचं नाव कासवी ठेवलं. पाहुणे आले की पुढचं झाकण उघडून बघायचे आणि आत मोकळी पेटी दिसली की म्हणायचे, "पाटील, तुमचं इंजिन कुणी चोरून नेलं की हो." तिला पाणी लागत नाही. रेडिएटरच नाही. पंखा वारा मारतो आणि त्या वाऱ्यावर इंजिन गार राहतं. उन्हाळ्यात घाट चढताना लोकांच्या जीपा वाफा सोडत कडेला उभ्या राहायच्या आणि आम्ही त्यांच्या बाजूनं फटफट करत पुढं जायचो. मला तिचा अभिमान होता. आजही आहे. पत्र्याच्या शेडमध्ये चाकातली हवा जाऊन उभी आहे तरी आहे.

माझ्या बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण लिहायचं म्हणून एकदा घेतो. कौसल्या. तिच्या हातच्या गोधड्या आजूबाजूच्या गावात मागून नेत असत. बारीक धावदोरा, मुंग्यांची रांग चालावी तसा. मग संधिवातानं तिची बोटं धरली. गाठी आल्या, बोटं वाकडी झाली. भाकरी थापता येईना, मग सुई तर लांबच. लातूरला हाडाच्या डॉक्टरकडं औषध सुरू झालं. आठवड्याला एकदा जायचं आणि नंबर लागावा म्हणून पहाटं निघायचं. शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. थंडीत तो रस्ता म्हणजे अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखा. कासवीच्या दारांचं रबर गेलेलं, खालच्या पत्र्यातून वारा यायचा. लातूरला पोचेपर्यंत तिच्या बोटांच्या मुठी झालेल्या असायच्या आणि डॉक्टरच्या दारात त्या उघडायच्या नाहीत.

माधव म्हणाला, "बापू, मी जीप सांगतो. हीटर आसती त्येच्यात."

मी म्हणालो, "घरची गाडी आसताना भाड्याच्या जीपंत तुझी माय बसायची न्हाई."

"मायला इचारलं का?"

"तिला काय इचारायचं?"

एकदा लातूरला उतरून मी कासवीच्या मागं उभा राहिलो आणि हात पुढं केले, शेकोटीवर करतो तसे. केवढी ऊब. नांगरलेल्या रानासारखा तापलेला वारा इंजिनाच्या खालून सुटत होता. मला वाईट वाटलं. एवढी ऊब आपण सगळ्या रस्त्याला सांडत आलो आणि पुढं बसलेलं माणूस कुडकुडत आलं. दुसऱ्या गाड्यांत इंजिनाचं गरम पाणी फिरवून आत ऊब घेतात. आमच्यात पाणीच नाही. कासवी आणणाऱ्या डॉक्टरच्या काळी तिला ऊब आत न्यायच्या लोखंडी पेट्या होत्या म्हणे, पण लातुरात ऊब कशाला म्हणून त्यांनी त्या काढून टाकल्या होत्या. मग आपणच करायची, असं मी दवाखान्याच्या बोळात उभ्या उभ्या ठरवलं.

मुखेडला बाजाराच्या कडंला खलीलचं वेल्डिंगचं दुकान आहे. मी दोन तेलाचे डबे कापून नेले. सायलेन्सरच्या नळीभोवती त्यांचं कवच करायचं, पंख्याचा वारा एका बाजूनं त्या कवचात घ्यायचा, तिथं तो तापणार, आणि दुसऱ्या बाजूनं जाड नळीतून आत सोडायचा. खलीलनं डबे बघितले, मला बघितलं.

"चाचा, सांधे कशानं भरणार?"

"गूळ आणि चुना."

"गूळ?"

"आमच्या आडाचे चिरे गूळ-चुन्यानं बसवलेत. माझ्या आज्यानं बसवले. आजून थेंब गळत न्हाई."

"चाचा, वो पानी का आड है. ये सायलेन्सर है."

"तू वेल्डिंग कर. गूळ मी आणतो."

चुना भिजवला, गुळाचा पाक केला, दोन्ही कालवून मी माझ्या हातानं सांधे भरले. आतली नळी चालू-बंद करायला सायकलच्या ब्रेकची वायर लावली. ती ओढली की झाकण उघडायचं. नळी एकच केली, बायकोच्या पायाशी येणारी. माझ्या बाजूला केली नाही. मला काय करायची, माझ्या पायाला पोतं गुंडाळलं की झालं.

पहिल्या दिवशी गाडीत असा वास सुटला की जणू गुऱ्हाळातच बसलोय. कौसल्या हसली. "आता उसाचा रस बी द्या की गिलासात," म्हणाली. तिचं हसू मला लातूरपर्यंत पुरलं. आजही जिभेवर त्या वासाची गोडी आहे आणि त्याच जिभेवर पुढचा कडवटपणाही आहे. त्याच आठवड्यात गूळ करपला. काळा, डोळ्यांत झोंबणारा धूर आत यायला लागला. आणि गाडी उभी राहिली की मुंगळे चढायचे. सीटवर मुंगळे, स्टिअरिंगवर मुंगळे. मी म्हणालो, नवं आहे, चुना पिकला की सगळं बंद होईल. माझ्या आज्याच्या आडालाही पिकायला वेळ लागला असेल.

माधवनं एक दिवस अंगणात तोंड उघडलं.

"बापू, त्येच्यातून इंजिनाचा धूर आत यायलाय. वास न येता बी येतो त्यो. माणूस झोपल्यासारखं व्हऊन मरतं."

"ही गाडी तू जन्मायच्या आधीपासून मी चालवून राहिलो."

"गाडीचं न्हाई म्हणत. डब्याचं म्हणून राहिलो."

"डबा मी केलाय."

"तेच तर."

तो निघून गेला. पुढं काही दिवस तो गाडीबद्दल बोललाच नाही. मी समजलो, हरला. एवढं शिकून पोरगं शेवटी बापापुढं गप्प बसलं म्हणून मी मनातून फुगलो होतो, हे खरं आहे. आणि त्याच सुमाराला धूर बंद झाला. वास गेला. मुंगळे गेले. मी खलीलला सांगून आलो, "बघ, चुना पिकला." खलील नटबोल्ट निवडत होता. त्यानं मान वर केली नाही. "अच्छा हुआ, चाचा," एवढंच म्हणाला.

मग ते दिवस आले, ज्यांना मी माझ्या म्हातारपणाचे चांगले दिवस म्हणत होतो. पहाटंचा अंधार, शिरूरच्या अलीकडं रस्त्यावर उतरलेलं धुकं, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांचे लाल दिवे. करडईच्या रानावरून येणारा बोचरा वारा. माझे पाय पोत्यात आणि ती शेजारी, शाल गुंडाळून, हात शालीत घातलेले. मी ब्रेकची वायर ओढायचो आणि विचारायचो, "येतीय का ऊब?"

"लई येतीय," ती म्हणायची. "पदर बी गरम झालाय."

लातूरला उतरताना तिची बोटं उघडायची. मी माझ्या डोळ्यांनी बघायचो. डॉक्टरनंही म्हटलं, हात मोकळे वाटतात. मी त्यांना कासवीपाशी घेऊन आलो आणि डबा दाखवला. ते वाकून बघून "वा" म्हणाले. बाजारच्या दिवशी मुखेडला चहाच्या टपरीवर मी सांगत सुटलो. माझ्या साडूला सांगितलं, त्याच्या व्याह्याला सांगितलं. माणसं आली, बघून गेली. त्या वर्षी येळवशीला कडब्याच्या कोपीत बसून डाळी-भाज्यांची भज्जी खाताना मी भावकीसमोर तिलाच सांगायला लावलं. "सांग की," म्हणालो, "कशी ऊब येती ती." तिनं बाजरीच्या उंड्याचा तुकडा मोडत सांगितलं, "चुलीपुढं बसल्यासारखं वाटतं." सगळे माझ्याकडं बघत होते. मी आंबिलीचा गिलास असा उचलला जणू माझाच सत्कार चाललाय.

आता ते सगळं आठवलं की अंगावर काटा येतो, थंडीचा नाही.

पाडव्याच्या सुमाराला ऊन तापलं. पुढच्या थंडीला नळी मोठी करावी आणि मागच्या सीटलाही ऊब द्यावी, असा माझा विचार. म्हणून मी तिच्या पायापाशी आलेलं नळीचं तोंड उसकटलं. आत काहीतरी लागलं. मला वाटलं उंदराचं घर. बोटं घालून ओढलं तर बोळा निघाला, चांगला मुठीएवढा, घट्ट, चिंध्या भरून शिवलेला. वरचं कापड तिच्या जुन्या लुगड्याचं. आणि टाके. लांब, वाकडे, मधेच सुटलेले आणि परत धरलेले. ते टाके मुंग्यांच्या रांगेसारखे नव्हते, पण ते कुणाचे आहेत हे मला विचारायची गरज पडली नाही. वाकड्या बोटांनी सुई धरून, किती वेळ बसली असेल, कुठं लपून बसली असेल, मी घरी नसताना. ज्या बोटांसाठी मी ती नळी केली, त्याच बोटांनी ती बंद करायला बोळा शिवला होता.

ती तुरीची डाळ पाखडत होती. मी बोळा सुपात ठेवला.

"हे काय हाय?"

तिनं बघितलं. "बोळा."

"कुणी घातला?"

"घातला माधवनं. शिवला मी."

"आन् ऊब?"

"गरम पाण्याची पिशवी व्हती शालीत. माधवनं आणून दिल्ती." तिनं बोळा उचलून बाजूला ठेवला आणि डाळ पाखडायला लागली. फोल उडून माझ्या पायावर पडत होतं.

मी त्या दिवसापासून माधवशी बोललो नाही. सगळा डाव त्याचा, असं मी धरून चाललो. मास्तर माणूस, आईला पढवलं असेल, भीती घातली असेल. बिचारी काय करील. असा मी तिच्यापुरता हिशेब करून ठेवला आणि त्याच्यावर सगळा राग ठेवला. जेवताना तो समोर बसला की मी ताट घेऊन पडवीत जायचो. कासवी शेडमध्ये लावली ती परत काढली नाही. तो म्हणाला, "बापू, डबा काढून टाकू, गाडी चालवा." मी ऐकलं नाही असं केलं. त्यानं नवी गाडी घेतली. बटण दाबलं की ऊब. मी एस.टी.नं जातो.

परक्यानं फसवलं तर माणूस भांडतो, चार लोकांना बोलावतो, मोकळा होतो. घरच्यानं फसवलं तर कुठं जायचं? पाणी तिच्याच हातचं प्यायचं असतं. आणि हे असं फसवणं की त्यात कुणी काही लुटलं नाही. माझी चांगली चाललेली गंमत त्यांनी फक्त चालू ठेवली, लहान पोराला लाकडाचा बैल देऊन खरा म्हणतात तशी. मी सगळ्या मुलखाला सांगत फिरत होतो आणि माझ्या घरात दोघांना माहीत होतं. खलीललाही माहीत होतं. टपरीवर मान डोलावणाऱ्यांपैकी आणखी कुणाला माहीत होतं, ते आता मी मोजत बसत नाही.

एकदा असं कळलं की मग मागचं सगळं उकलायला लागतं. तिनं सांगितलेली एकेक ऊब गार पडत मागं जाते. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी किनवटहून हिरवं लुगडं आणलं होतं, तिला आवडलं म्हणाली, ते खरं होतं का? माझी आई तिला बोलायची तेव्हा "मला न्हाई काही वाटलं" म्हणायची, ते? दुष्काळात "मी जेवले" म्हणायची, ते? आधी मला हे प्रश्नच नव्हते. मला उत्तरं माहीत होती. आता उत्तरं तीच आहेत, पण त्यांच्यावर हात ठेवायची छाती होत नाही.

परवा, आंब पिळली त्याच दिवशी, मी बाजाराला गेलो. खलीलनं बोलावलं. इतके दिवस मी त्याचं दुकान टाळत होतो.

"चाचा, माधवभाई से बात करो."

"तू मधी पडू नको."

"उनकी गलती नै. उनोंने तर मला सांगितलं व्हतं, खलीलभाई, डबा काढ, बापू मारंल तर मी खाईन मार. मी पाने घेऊन आल्तो तुमच्या घरी. चाची ने रोक्या."

"कुणी?"

"चाची. बोली, डबा राहू दे. उनके हात का है. आतून बंद करा, त्यास्नी सांगू नका." त्यानं पाना खाली ठेवला. "मैं बोल्या, चाची, चाचा को समजेगा. हात लगाके देखेंगे तो समजेगा. चाची हसली. बोली, न्हाई बघणार."

नळीचं तोंड तिच्या पायाशी होतं. आमच्याकडं नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. बायकोला पाप लागतं म्हणतात, आणि गड्यानं तसं वाकायचं नसतं. पूर्ण थंडीभर मी वायर ओढली, तिला विचारलं, आणि एकदाही वाकून तिच्या पायापाशी हात नेला नाही. तिला ते माहीत होतं. त्या भरवशावर तिनं सगळं केलं.

काल येळवस झाली. मी बैलगाडीनं रानात गेलो, ते सगळे गाडीनं. कडब्याची कोप बांधलेली, आत पांडवांची पूजा, भज्जीचा वास. जेवणं झाल्यावर पोरंबाळं हरभऱ्यात पांगली. ती कोपीच्या तोंडाशी उन्हात बसली होती. मी जवळ बसलो.

"खलील बोलला."

"बोलंलच. त्येच्या पोटात काही ऱ्हात न्हाई."

"माधव सांगणार व्हता. तू का न्हाई सांगू दिलं?"

"सांगितलं आस्तं तर तुम्ही बोळा काढला आस्ता."

"मग काढला आस्ता."

"शिरूरच्या फाट्याला गाडी कडंला गेल्ती, आठवतं का? दोनदा. तुम्ही जांभया देऊन राहिले व्हते. माझं डोकं ठणकत व्हतं. तुमचंबी."

"पहाटं उठल्यावर माणूस जांभया देतोच."

तिनं माझ्याकडं बघितलं. "हे बघा. आत्ताबी."

"म्हणून खोटं बोलायचं? तू?"

"तुम्ही मला कवा इचारलं, ऊब येती का न्हाई? तुम्ही इचारायचे तेबी सांगितल्यावानी, येती म्हणूनच. मी हाव म्हणायची." ती पदरानं बोटं झाकायला लागली. "त्यो डबा काढला आस्ता तर तुम्ही जेवले नस्ते. मला ठाव हाय तुम्ही कसे हायेत."

मी उठलो. ओल्या बांधावरून ज्वारीत गेलो आणि कणसं हातानं बाजूला करत बराच वेळ चालत राहिलो. तिचं बोलणं मला पटलं नाही. चुना पिकत होता, अजून थोडा वेळ द्यायला पाहिजे होता, असं मला आजही वाटतं. पण पटलं नाही म्हणून ते कानातून जातही नव्हतं. रागाला उभं राहायला जागा नव्हती. माधवचा राग माधववरून काढून घ्यावा लागला आणि आता तो कुठं ठेवायचा? तिच्यावर ठेवायला गेलो की तिची बोटं मधे येतात.

सांजेला पोरांनी कडब्याचा हेंडगा पेटवून मशालीसारखा रानाभोवती फिरवला. अंधार पडायला लागला तशी थंडी जमिनीतून वर आली. बैलगाडी गड्याबरोबर पुढं गेली होती. माधव म्हणाला, "बापू, बसा आता." खूप दिवसांनी मी त्याच्या गाडीत बसलो, मागं, तिच्या शेजारी. पुढच्या सीटवर भांड्यांच्या दुरड्या होत्या. त्यानं बटण दाबलं. पुढून कुठूनतरी घरघर आली.

"मायला पायाशी येतीय का ऊब?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"येतीय की," ती म्हणाली. "लई."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. बाहेरच्या अंधाराकडं बघत होती. त्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं आणि एवढ्या वर्षांत कधीच कळलं नव्हतं, मी उगीच समजत होतो. मग मी वाकलो. पोरगं पुढं बसलेलं असताना, गडी माणसासारखा गडी माणूस, वाकलो आणि तिच्या पायावर हात ठेवला.

तिनं पाय मागं घ्यायला बघितलं. "अवं, काय करायले? पाप लागंल मला."

पाय आडातल्या पाण्यासारखे गार होते.

"येतीय म्हणलं की ऊब," ती हळूच म्हणाली.

मी हात काढला नाही.